उभी विळी

दिल्लीत मयूर विहारच्या त्या सोसायटीत उत्तराबाई कर्णिकांना 'आंटी' म्हणायची कोणाची टाप नव्हती. 'मिसेस कर्णिक' म्हणायचं, आणि मोबाईल खिशात ठेवून म्हणायचं. सरकारी खात्यात उभी हयात काढलेली बाई, हाताखालच्या कारकुनांना रडवून निवृत्त झालेली. नवरा वारला तेव्हा लोकांना वाटलं, आता जरा मऊ पडेल. कसली पडतेय! पूर्वी तिचं निम्मं बोलणं महेशरावांवर खर्च व्हायचं, तेही आता शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाट्याला आलं.

पण एक मानलं पाहिजे. या वयातही बाई आपलं सगळं आपण करत होत्या. कामवाली फक्त केरफरशीला, तीही दारातून आत आली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच. ओट्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. "जोवर मी माझ्या हातचं खातेय, तोवर मी कोणाची मिंधी नाही," हे त्या फोनवर मुलाला इतक्यांदा ऐकवायच्या की तो पलीकडून "हां आई, हां आई" म्हणत लॅपटॉपवर दुसरंच काहीतरी करत बसायचा.

मुलगा उन्मेष. मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, राहायला गुडगावला. त्याच्या फ्लॅटात आईसाठी एक खोली केव्हाची तयार होती. एसी, टीव्ही, पलंगाच्या उशाशी घंटी. घंटी वाजवली की कुक चहा आणणार. उत्तराबाईंनी ती खोली एकदाच पाहिली होती, आणि घंटीकडे बोट दाखवून विचारलं होतं, "ही मी वाजवायची, की मी मेले की तुम्ही?"

खरी गोष्ट अशी, की बोटं दगा द्यायला लागली होती. साखरेच्या दुखण्यानं बोटांची जाणीव गेली होती. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. गरम पातेलं उचललं तरी कळायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, "हाताला लागलेलं तुम्हाला कळणार नाही, तेव्हा रोज हात डोळ्यांनी तपासत जा. शिवाय तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." उत्तराबाईंनी हे मुलाला सांगितलं नाही. का सांगायचं? सांगितलं असतं तर तो त्याच संध्याकाळी गाडी घेऊन दारात उभा राहिला असता.

पण सुरी ऐकेना. मूठ पकडली आहे की नाही तेच हाताला कळायचं नाही. एका रविवारी उन्मेष समोर बसलेला असताना सुरी निसटली आणि त्याच्या बुटाशेजारी टण्णकन पडली. त्यानं ती उचलली, सिंकमध्ये ठेवली आणि फॅक्टरीतल्या आवाजात म्हणाला, "बस आई. आता तू आमच्याकडे."

"अरे वा! सुरी पडली म्हणून घर सोडायचं? तुझ्या कारखान्यात कधी काही पडत नाही वाटतं?"

"पडतं. मग आम्ही त्या माणसाला मशीनवरून काढतो."

तोडीस तोड उत्तर. आईचंच रक्त. उत्तराबाई म्हणाल्या, "येत्या रविवारी तू आणि कृतिका जेवायला या. पापलेटचं कालवण, वालाचं बिरडं, सोलकढी, सगळं मी एकटीनं करीन. काही सांडलं, पडलं, तुटलं तर मला खुशाल उचलून ने. नाही तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"पक्का?" उन्मेष म्हणाला. "मग नो आर्ग्युमेंट हां, आई."

"पक्का."

तो गेल्यावर त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि पुन्हा सुरी धरून पाहिली. पुन्हा निसटली. आणि तेव्हा त्यांना आठवली माळ्यावरची विळी. सुरी हातात धरावी लागते. विळीचं पातं आपल्या जागी उभं असतं, पाट पायाखाली दाबायचा आणि दोन्ही तळव्यांनी भाजी पात्यावर ढकलायची. तिथे बोटांचं काय काम? बाईंचे गुडघे या वयातही शाबूत होते, मांडी घालून बसायला काही अडत नव्हतं. आपल्या हुशारीवर त्या स्वतःच खूश झाल्या.

विळी त्यांची नव्हती, सासूची होती. ठकूबाई कर्णिक लग्न होऊन आल्या तेव्हा पेणहून ती विळी बरोबर घेऊन आल्या. मुलाच्या नोकरीपायी दिल्लीला आल्या तेव्हाही ट्रंकेत लुगड्यांखाली तीच. नेताजी नगरच्या सरकारी क्वार्टरमधलं स्वयंपाकघर ते केवढं, त्यात मधोमध ही म्हातारी विळी घेऊन बसायची. उत्तराला ऑफिसच्या चार्टर्ड बसची घाई. डबा करायचा तर सासूला ओलांडून जावं लागायचं. वर म्हातारीचा एक कडक नियम होता: विळीवरून उठताना पातं आडवं पाडायचं. दार वाजो, दूध उतू जावो, आधी विळी पाडायची. रोज दहादा तेच, "उत्तरे, विळी पाडलीस?" उत्तराच्या डोक्यात तिडीक जायची.

एका सकाळी ठकूबाई न्हाणीत असताना उत्तरानं घाईघाईत विळीवर लिंबू कापलं, डबा बंद केला, पर्स शोधायला बाहेरच्या खोलीत गेली. उन्मेष तेव्हा रांगत होता. किंकाळी ऐकून ती धावली तर पोराचा उजवा तळवा फाटलेला आणि पातं उभं. ठकूबाई ओल्या लुगड्यानिशी दारात आलेल्या. महेशराव दाढीचा फेस तसाच ठेवून धावत आले आणि ओरडले, "विळी उभी कोणी ठेवली?"

उत्तरानं सासूकडे पाहिलं आणि म्हणाली, "आईंच्या हल्ली लक्षात राहत नाही. मी किती दिवस सांगतेय."

ठकूबाई सुनेकडे बघत राहिल्या. बोलल्या नाहीत. का बोलल्या नाहीत ते त्याच जाणोत. पोराचे टाके, मुलाचा संताप, सुनेची नोकरी, काय काय मनात आलं असेल. त्याच संध्याकाळी उत्तरानं विळी माळ्यावर टाकली आणि सासूला बाल्कनीत खुर्ची मांडून दिली. "आता कशाला त्रास घेता, आई? बसल्या जागी आयतं मिळेल." म्हातारी खुर्चीत बसली. आयतं खाल्लं. पुढचा हिवाळा काही तिनं पाहिला नाही. आणि उत्तराला ओटाभर जागा मिळाली. वाईट वाटलं का? वाटलं असेल थोडं. बढतीच्या गडबडीत तेही राहून गेलं.

महेशरावांनी मात्र विळी टाकू दिली नाही. घर बदललं तरी ती बरोबर आली आणि इथल्या माळ्यावर चढली. उन्मेषला तर तिचं भारी कौतुक. तळव्यावरची टाक्यांची खूण तो मित्रांना दाखवायचा, "ये मेरी दादी की निशानी है." उत्तराबाई तेव्हा चहाचे कप गोळा करायला उठायच्या.

तर, सोसायटीच्या गार्डला स्टुलावर चढवून त्यांनी विळी खाली उतरवली. वर्तमानपत्रातून निघाली ती गंजानं तांबडीभडक, पाट तडकलेला, सांध्याची खीळ इतकी झिजलेली की पातं लुळं पडलं होतं. गार्ड म्हणाला, "माताजी, कबाड़ी को दे दो." "तुझे दे दूँ कबाड़ी को?" म्हणून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

मग बाई इरेला पेटल्या. पातं रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवलं, सकाळी विटकरीच्या भुकटीनं घासलं. गंज पाण्याबरोबर निघाला तसं खालचं काळं लोखंड दिसायला लागलं. पात्याच्या मध्यावर एक खोलगट बाक होता. ठकूबाईंनी जन्मभर त्याच जागी भाजी ढकलली होती, तेवढंच पातं झिजून अरुंद झालं होतं. उत्तराबाईंनी घासता घासता त्या बाकावर अंगठा ठेवला. अंगठ्याला काही कळलं नाही. त्या पुढे घासत राहिल्या.

ई-रिक्षात विळी मांडीवर घेऊन त्या फूटपाथवरच्या गाडिया लोहारांकडे गेल्या. तिथल्या बाईनं जुनी खीळ ठोकून काढली आणि नवी बसवली. सांधा एकदम घट्ट झाला. इतका, की पातं उघडायचं किंवा पाडायचं तर पाटावर टाच रोवून मुळाशी तळव्याचा ठोसा द्यावा लागायचा. उत्तराबाईंनी दोनचारदा करून ती युक्ती साधली. खट् आवाज झाला की पातं आडवं. पाटाच्या भेगेत त्यांनी डिंक आणि लाकडाचा भुसा भरला, वर खोबरेल चोळलं. लाकूड तेल पीत गेलं आणि काळंभोर झालं. लोक म्हणोत काही, पण बाईंनी काम चोख केलं होतं.

राहिली धार. शनिवारी गेटपाशी सायकलवर सहाण बांधून फिरणारा आला. विळी पाहून म्हणाला, "ये तो बंगालियों की चीज़ है."

"बंगाली होगा तू. चल, धार लगा."

त्यानं पायडल मारलं, ठिणग्या उडाल्या. उत्तराबाईंनी कागद पात्यावर ओढला, कागद जरा फाटत कापला गेला. "फिर से." त्यानं पुन्हा लावली. "फिर से." तो वैतागला. "माताजी, सब्ज़ी काटनी है या किसी का गला? इससे ज़्यादा तेज़ की तो हाथ जाएगा."

"हाथ मेरा है. तू अपना पैर चला."

तिसऱ्यांदा कागद नुसता टेकवला आणि दोन तुकडे अलगद खाली आले. उत्तराबाईंचा चेहरा असा खुलला, की बऱ्याच वर्षांत कोणी पाहिला नसेल. वर आल्यावर त्यांनी विळीला हळदकुंकवाचं बोट लावलं. सासूचा फोटो भिंतीवर होता, पण तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

रविवार उजाडला. बाई पहाटे उठल्या, अंघोळ करून कडक इस्त्रीची सुती साडी नेसल्या. बिरड्याचे वाल आदल्या दिवशीच सोलून ठेवलेले. विळी फरशीवर मांडली, टाच रोवली, ठोसा दिला, पातं उभं राहिलं. कांदा असा कापला जात होता की डोळ्यांत पाणी यायच्या आत संपला. पुढच्या खवणीवर त्यांनी नारळ खवला. कोथिंबीर, मिरच्या, आलं. काही सांडलं नाही, काही पडलं नाही. बिरड्याला फोडणी बसली आणि वासानं घर भरलं. "आता या म्हणावं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बघतेच कोण मला मशीनवरून काढतो ते."

पापलेटं शेवटी घेतली. आयएनए मार्केटमधून मागवलेली, ताजी, चकचकीत. पर छाटले, पोट चिरलं, मग तुकडे करायला मासा आडवा पात्यावर दाबला. मधला काटा कुठे सुरीला दाद देतो, पण इथे पातं त्यातून सरसर गेलं. परातीतलं पाणी लाल झालं. पापलेटाला इतकं रक्त असत नाही, हे कर्णिकांच्या घरात जन्म काढलेल्या बाईला कळायला हवं होतं. पण त्याच वेळी बेल वाजली.

लवकर आली होती पोरं. उत्तराबाई लगबगीनं उठल्या, हातावर पाणी ओतलं, खुंटीवरचा मरून चौकटीचा नॅपकिन घेऊन हात पुसत दाराकडे गेल्या.

कृतिका आधी आत आली. दिल्लीतच वाढलेली, स्वभावानं सरळ पोर. तिची आई माधवीताई याच वर्षी कॅन्सरनं गेली होती आणि तेव्हापासून तिचं बोलणं कमी झालं होतं. वाकून नमस्कार केला, "आई, काय मस्त वास येतोय!" म्हणाली आणि आईस्क्रीमचा डबा फ्रीजमध्ये ठेवायला स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली तेव्हा तिचं लक्ष आधी फरशीकडे गेलं, मग उत्तराबाईंच्या हातातल्या नॅपकिनकडे. मग ती सोफ्यावर बसली.

"आजीची विळी रिपेअर केलीस म्हणे? बघू तरी!" उन्मेष बूट काढून, मोजे काढून, उत्साहानं आत गेला.

आणि ओरडला.

दोघी धावल्या. उन्मेष ओट्याला धरून एका पायावर उभा होता, पोटरीवर लांब लाल रेघ, रक्त टाचेकडे ओघळत होतं. फरशीवर विळी. पातं उभं.

जन्मात, त्या एका सकाळनंतर, उत्तराबाईंनी कधी उघडं पातं मागे सोडलं नव्हतं. सुरीसुद्धा पालथी ठेवायच्या.

"विळी उभी कोणी ठेवली?" उन्मेष म्हणाला. आवाज अगदी बापाचा.

सोसायटीचं ते घर, तो ओटा, पहाटेपासूनची मेहनत, सगळं त्या एका प्रश्नावर टांगलेलं होतं. आणि कृतिका म्हणाली, "मी. सॉरी यार. मी उघडून बघत होते आणि तशीच ठेवली."

हे ती का म्हणाली? दया आली म्हणा. गुडगावच्या घरात ही बाई नको म्हणूनही असेल. दोन्ही असेल. काही असो, तिनं दोर टाकला होता. उत्तराबाईंनी तो नुसता धरायचा होता. तोंड मिटून मान हलवली असती तरी भागलं असतं. मासे शिजले असते, जेवणं झाली असती, विषय कायमचा मिटला असता.

पण बाईंना सुटका पुरली नाही. इतक्या वर्षांची जीभ, ती सुटलीच.

"उघडून बघत होते म्हणे! विळी म्हणजे काय खेळणं वाटलं? उठताना पातं पाडायचं, एवढी साधी अक्कल नाही? पोटरीवर निभावलं, शीर तुटली असती तर? पण तुला तरी काय बोलायचं. माधवीताईंनी काही शिकवलंच नाही. त्यांचा सगळा वेळ किटी पार्टीत. आता गेल्या बिचाऱ्या, त्यांना काय विचारणार!"

"आई, बस," उन्मेष म्हणाला.

"बस काय? हिच्या हातात घर देऊन मला घंटी वाजवायला नेणार होतास ना? बघ आता कोण कशाला लायक आहे ते!"

कृतिका शांतपणे उभी होती. तिनं ओट्यावरचा किचन रोल घेतला, नवऱ्याच्या पोटरीवर दाबला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उन्मेष, ती विळी मिटवून दाखव."

त्यानं वाकून पातं ढकललं. हललं नाही. दोन्ही हातांनी दाबलं. नाही हललं.

"मलाही येत नाही," कृतिका म्हणाली. "मिटवता येत नाही आणि उघडता पण येत नाही. मी आले तेव्हा ती उभीच होती. मिटवून पाहिली, हलली नाही, म्हणून साइडनं जाऊन फ्रीज उघडला. आणि आता आईंच्या हाताकडे बघ."

उन्मेषनं बघितलं. उत्तराबाईंनीही बघितलं, कारण दोघं बघत होते. मरून चौकटींचा नॅपकिन एकाच रंगाचा झाला होता. त्याच्या टोकातून थेंब पडत होते, सोफ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर ठिपके आलेले. उन्मेषनं नॅपकिन सोडवला. अंगठ्याच्या मुळापासून तळव्याच्या मधोमध कातडं उघडं पडलं होतं, आतलं पांढुरकं दिसत होतं. परातीत पापलेटाचे तुकडे त्याच रक्तात पोहत होते.

"आई, दुखत नाही तुला?"

"नाही रे," त्या भाबडेपणानं म्हणाल्या. खरंच नव्हतं दुखत.

तेवढ्या दोन शब्दांत सगळं संपलं. उन्मेषनं आरडाओरडा केला नाही. तो खाली बसला, आईचा हात मांडीवर घेतला, स्वच्छ फडकं घट्ट बांधलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता कशाला त्रास घेतेस, आई?" तो मायेनं म्हणाला. "बसल्या जागी आयतं मिळेल."

उत्तराबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. बोलल्या नाहीत.

टाके घालून घ्यायला जाण्याआधी विळी पाडायला हवी होती. कोणालाच येईना. शेवटी त्याच उठल्या, टाच रोवली, डाव्या हातानं मुळाशी ठोसा दिला. खट्. बिरडं गॅसवर तसंच राहिलं आणि करपलं.

आता विळी गुडगावच्या हॉलमध्ये, शोकेसमध्ये आहे. उन्मेषनं तिला पॉलिश करून घेतलं, खाली छोटा दिवा बसवला. पाहुणे आले की विचारतात आणि तो हौसेनं सांगतो. आधी तळवा दाखवतो, "ये दादी की निशानी. बूढ़ी हो गई थीं, भूल गईं." मग पँट वर करून पोटरी दाखवतो, "और ये मम्मी की." सगळे हसतात. कोणीतरी म्हणतं, आपके घर की लेडीज़ बड़ी ख़तरनाक हैं.

उत्तराबाई तिथेच कोपऱ्यातल्या खुर्चीत असतात, मांडीवर आयतं ताट. पहिली खूण दादीची नव्हे, हे सांगायला त्यांना एवढा वेळ मिळतो. त्यांनी एकदाही सांगितलेलं नाही. मध्यंतरी पाहुण्यांसमोर हातातला चमचा निसटून खाली पडला आणि त्यांना कळलंच नाही, त्या रिकामी बोटं तोंडाशी नेत राहिल्या. कृतिकानं वाकून चमचा उचलला. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्यासाठी प्लास्टिकचे चमचे आणले, लहान मुलांचे असतात तसले, बोथट कडांचे.